धाकट्याचा वाटा

झऱ्यावर भिंत घालायची हे थोरल्याने ठरवलं, तेव्हा त्याने धाकट्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. सकाळी अंगणात दात घासता घासता, तोंडात फेस असतानाच सांगितलं. "आजपासून वर दगड टाकायला लाग. कुंडीखालचा पाट बंद करायचा. पाणी सगळं आपल्या कलमांना."

धाकटा पायरीवर बसून पहारीचं टोक दगडावर घासत होता. घासणं न थांबवता तो म्हणाला, "मी नाही घालणार."

थोरल्याने चूळ भरली, थुंकला, पंच्याने तोंड पुसलं. एवढा वेळ त्याने मुद्दाम घेतला. मग म्हणाला, "माझ्या कानात काही गेलंय वाटतं."

"नाही गेलं. मी भिंत घालणार नाही, दादा. दिवसा पाणी खालच्या वस्तीला जाऊ दे, संध्याकाळी कलमांकडे वळवू. दोघांचं भागेल."

"माझ्या झऱ्याचं पाणी मी पाळी लावून घेऊ?"

"मग दुसऱ्याकडून घालून घे भिंत. पण पाटाच्या तोंडावर दगड ठेवलास तर तो मी काढीन."

"पुन्हा ठेवला तर?"

"पुन्हा काढीन."

आवाज जराही चढला नव्हता. पाण्याचा तांब्या दे म्हणावं, तसं तो बोलला होता. चुलीत लाकूड सारता सारता वहिनी थबकली. धाकट्याला रागावलेलं या घराने पुष्कळ वेळा पाहिलं होतं. त्याच्या आरडाओरड्याची सवय होती, फुटलेल्या मडक्यांची सवय होती. हे असं बोलणं नवीन होतं, आणि नवीन म्हणून जरा भीतीचं होतं.

गावात एके काळी त्याला 'घण' म्हणत. त्याचा धंदा दगडाचा. उतारावरची माती धरून ठेवायला चुना-सिमेंटाशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून भिंती घालायच्या. आसपासच्या सगळ्या बांधांवर त्याचा हात फिरलेला. पण घण हे नाव धंद्यावरून पडलं नव्हतं. थोरल्याने कुणाकडे बोट दाखवावं आणि धाकट्याने त्या माणसाकडे चालत जावं, अशी त्या घराची रीत होती. बांधाच्या एका तंट्यात खालच्या वस्तीतल्या एका टोपल्या विणणाऱ्याचा हात त्याने मनगटात मोडला होता. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून त्या माणसाला सगळे वाकड्या म्हणू लागले, आणि त्यानेही ते नाव मुकाट्याने घेतलं.

पुढे एका पावसाळ्यात जुनी भिंत उतरवताना ती धाकट्याच्या अंगावर आली. छातीपर्यंत दगड. थोरला बाजारात गेलेला. बांबू तोडून परतणाऱ्या वाकड्याने ओरडणं ऐकलं, दगड बाजूला केले आणि त्याला पाठीवर घालून घरी आणलं.

धाकटा अख्खा हंगाम बाजेवर पडून राहिला. उताणा पडलेल्या माणसाला दोनच कामं असतात, छपराचे वासे मोजायचे आणि श्वास घ्यायचा. वासे मोजून झाले. श्वास संपत नव्हता. तो आत येताना कुठे अडतो, बाहेर जाताना काय घेऊन जातो, हे त्याला हळूहळू कळू लागलं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण एका दुपारी, माशा तोंडावर बसत असताना आणि त्या हाकलायला हात उचलत नसताना, त्याला वाटलं की आपल्याला कुणीतरी धरून ठेवलेलं आहे. भिंतीत मधला दगड दोन्ही बाजूंच्या दगडांनी धरलेला असतो, तसं. देव म्हणजे हेच का, हे त्याला सांगता आलं नसतं. आपण धरलेले आहोत, मग एवढ्या मुठी कशाला आवळायच्या, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि ते पुन्हा गेलं नाही.

उठून चालायला लागल्यावर तो काठी टेकत टेकत वाकड्याकडे गेला. "मी तुझा हात मोडला होता," तो म्हणाला. "मग मला का उचललंस?"

वाकड्या टोपली विणत होता. "उचलताना आठवलं नाही," तो म्हणाला. "वाटेत आठवलं. पण तोवर तुझं घर जवळ आलं होतं."

त्यानंतर धाकटा रोज उजाडताना झऱ्यापाशी जाऊन बसू लागला. डोळे मिटून, सूर्य टेकडीवर येईपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाणी ऐकतो." मग खाली येऊन कामाला लागायचा. कुणाचा पडका बांध उभा कर, कुणाच्या विहिरीच्या पायऱ्या बसव. लोक हसले. मग हसायचे थांबले, आणि कामं सांगू लागले.

ते वर्ष कोरडं गेलं. विहिरींनी तळ दाखवला. दोघा भावांच्या सामाईक उतारावरचा झरा तेवढा वाहत होता. खडकाच्या भेगेतून पाणी यायचं, दगडी कुंडी भरायची आणि कुंडीवरून सांडलेलं पाणी पाटाने खालच्या वस्तीच्या टाकीत जायचं. पाट कुणी काढला हे त्यांच्या बापालाही ठाऊक नव्हतं. कुंडीच्या खालच्या टप्प्यावर थोरल्याने आदल्या वर्षी फळझाडांची कलमं लावली होती. थोरला वाईट माणूस नव्हता. पोटी मूल नव्हतं, आणि त्या कलमांची कोवळी पानं तो रोज सकाळी बोटाने अशी उचलून बघायचा, की वहिनी त्या वेळी तिकडे फिरकायची नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून एक गवंडी आला. लठ्ठ, बोलका, दर दगडाला एक गोष्ट सांगणारा. सोबत दोन गडी. संध्याकाळपर्यंत पाटाच्या तोंडावर गुडघाभर भिंत उभी राहिली. कुंडीचं पाणी कलमांकडे वळलं.

सकाळी गवंडी येऊन बघतो, तर पाटाच्या तोंडावरचे दगड काढलेले. पाटाच्या रुंदीएवढेच, बाकीच्या भिंतीला हात लावलेला नव्हता. काढलेले दगड बाजूला रचून ठेवले होते. मोठे खाली, मधले त्यावर, कपच्या वेगळ्या. आणि रचणारा कुंडीपाशी डोळे मिटून बसलेला.

गवंडी त्याच्यासमोर उकिडवा बसला. "अहो, हे तुम्ही काढलंत?"

धाकट्याने डोळे उघडले. "हो."

"चोरून?"

"चोरून कशाला? आत्ताच काढले. तुम्ही जरा लवकर आला असतात तर दिसलो असतो."

"मग मी आता काय करू?"

"तुमचं काम करा. दगड बरोबर लावून ठेवलेत, शोधत बसावं लागणार नाही. आणि हा मधला लांब दगड आहे ना, तो आडवा टाका. दोन्ही तोंडं बांधली जातात. काल तुम्ही उभा घातला होता, म्हणून मला फार सोपं गेलं."

गवंडी हसू दाबत उठला. "तुमचं चालू द्या. असं असेल तर माझी पोरं इथेच मोठी होतील."

हे असं चालू राहिलं. दिवसा भिंत उभी राहायची, उजाडताना पाट मोकळा व्हायचा. खालच्या टाकीत रोज सकाळी थोडं पाणी पडायचं, तेवढ्यात बायका हंडे भरून घ्यायच्या. गाव दोन्ही बाजूंनी मजा बघायचं. पिठाच्या गिरणीवर दुसरा विषय उरला नव्हता. वाकड्या एकदा वर आला आणि म्हणाला, "आम्ही चारजण येऊ का मदतीला?"

"नको. तुम्ही आलात तर मारामारी होईल. दादाला तेच हवंय."

"आणि तुला काय हवंय?"

"मला पाणी खाली गेलेलं हवंय. आणि दादा दादाच राहायला हवाय. दोन्ही."

"फार मागतोस," वाकड्या म्हणाला.

घरात मात्र मजा नव्हती. एका दुपारी धाकटा जेवायला आला तेव्हा त्याचं ताट आत नव्हतं, बाहेर पायरीवर ठेवलेलं होतं. वरून झाकलेलंही नव्हतं, आणि एक कोंबडी त्याच्याकडे निरखून बघत होती.

"महाराजांना घरात कोंडल्यासारखं होत असेल," वहिनी आतून म्हणाली. "बाहेर हवा चांगली आहे."

धाकटा कोंबडीला हुसकून पायरीवर बसला. त्याची बायको दारात उभी होती. या भिंतीच्या प्रकरणात ती नवऱ्याच्या बाजूने एक शब्दही बोलली नव्हती. उलट सकाळीच त्याला ऐकवलं होतं, "तुमच्या पाण्यापायी मला या घरात पाणी मागायची चोरी झालीय." तिने आपलं ताट उचललं, बाहेर आणलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"अगं, तू आत जेव ना," वहिनी म्हणाली. "तुला कुणी काही म्हटलंय का?"

"हवा चांगली आहे म्हणालात ना, जाऊबाई," ती म्हणाली आणि जेवू लागली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

एका सकाळी थोरला स्वतः वर आला. रात्रभर झोपला नसावा. डोळे लाल होते. कलमांच्या एका ओळीची पानं कडेने करपू लागली होती. धाकटा पाटाच्या तोंडावर वाकून पहारीने दगड सैल करत होता.

"थांब," थोरला म्हणाला.

धाकटा सरळ झाला. पाठीतली जुनी कळ आली, तो क्षणभर थांबला.

"तुला मी खांद्यावर घेऊन फिरलोय. बाप गेला तेव्हा तुझं नाक मी पुसलंय. आणि आज माझी झाडं वाळत असताना तू माझे दगड काढतोस. त्या लोकांसाठी?"

"संध्याकाळचं पाणी घे म्हणतोय ना मी. आजपासून घे. मीच वळवून देतो. तुझी झाडं वाळू देणार नाही."

"तू मला देणार?" थोरल्याचा आवाज फाटला. "तू? मला?"

त्याने खाली वाकून पाटातला ओंजळभर चिखल उचलला आणि धाकट्याच्या तोंडावर मारला. मग पुढे होऊन एक थोबाडीत दिली. तिचा आवाज मोठा झाला. गवंडी आणि त्याचे गडी नुकतेच वाटेने वर येत होते, ते जागच्या जागी उभे राहिले.

धाकट्याच्या हातात पहार होती. हात ती पकड विसरला नव्हता. बोटं आपोआप घट्ट झाली, खांदा मागे गेला, आणि पोटात कितीतरी वर्षं झोपलेलं काहीतरी उठून बसलं. त्याला वाटलं होतं की ते गेलं. ते गेलं नव्हतं. इथेच होतं, आणि पूर्वीइतकंच ताकदीचं होतं. हे कळून त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग थोडं हसूही आलं. त्याने श्वास आत घेतला. तो अडखळत आला. बाहेर सोडला. ओठांवर चिखल होता, त्याची चव आली.

पहार त्याने खाली ठेवली नाही. ती त्याने पुढच्या दगडाखाली घातली आणि जोर दिला. दगड सुटला. त्याने तो उचलला, बाजूला नेला आणि रचून ठेवला.

"मार, दादा," तो परत येत म्हणाला. "तू मोठा आहेस, मार. मी उलट हात उचलणार नाही. पण दगड काढणारच."

थोरल्याने गवंड्याकडे पाहिलं. गवंडी म्हणाला, "आज माझं अंग जरा दुखतंय," आणि गड्यांना घेऊन आल्या वाटेने खाली उतरला. त्यानंतर तो परत आला नाही.

जमीन सामाईक होती तोवर थोरल्याला हे थांबवता येत नव्हतं. तेव्हा त्याने वाटणी काढली.

त्या घरात वाटणीची एक रीत होती, बापाने घातलेली. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. मुलांची भांडणं मिटवायला बापाने ती काढली, आणि पहिल्यांदा ती टरबुजावर चालली. थोरला लहानपणापासून हुशार. तो एक फोड भली मोठी, पण सालीकडची पांढरट कापायचा, आणि दुसरी लहान, मधली लालभडक. धाकटा दर वेळी मोठीवर झडप घालायचा. थोरला शांतपणे गाभा खात बसायचा. धाकट्याला त्यातलं काही कळायचं नाही. तो खूश असायचा.

आता थोरल्याने तसेच वाटे पाडले. एका वाट्यात पक्कं घर, रस्त्याकडचं काळं शेत, बैलजोडी. दुसऱ्यात दगडाळ उतार, झरा आणि त्याच्या कडेचा पडका गोठा. कलमांचा टप्पा त्याने वाटणीबाहेर ठेवला. झाडं आपण लावली, ती आपली. गिरणीवाला मध्यस्थ होता, त्याला ते रास्त वाटलं. धाकट्यानेही मान हलवली.

वाटणीच्या आदल्या दुपारी थोरला धाकट्याच्या बायकोशी बोलला. ती अंगणात धान्य पाखडत होती. तो तिच्याशी फारसा कधी बोलत नसे, म्हणून तिने सूप खाली ठेवून पदर सावरला.

"घर तुझंच झालं समज," तो म्हणाला. "स्वतंत्र चूल, स्वतंत्र अंगण. आम्ही दोघं वर गोठा नीट करून राहू. फक्त याला नीट उचलायला सांग. बायकोचं ऐकेल तो. आणि एकदा संसारात गुंतला की ही महाराजगिरीही उतरेल. तूच उतरव."

तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

संध्याकाळी धाकटा तिच्यासमोर येऊन बसला. "उद्या काय उचलू?" त्याने विचारलं.

"मला विचारू नका. विचारलंत तर मी घर म्हणेन. या घरात आल्यापासून मला माझी चूल हवी होती, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर विचारतोय."

"मग घर."

तिने वर पाहिलं नाही. "बरं," तो म्हणाला. "घर उचलीन. पण तुला आत्ताच सांगून ठेवतो. झरा दादाकडे गेला तरी मी रोज उजाडताना वर जाणार आणि पाटाचा दगड काढणार. जमीन कुणाची का असेना. तो मला बांधून घालेल, नाहीतर पोलिसात देईल. तेव्हा तू घरात एकटी राहशील. ते तुला चालेल का, एवढंच बघ."

"म्हणजे ऐकणार माझं आणि करणार तुमचं."

"दोन्ही करीन म्हणतोय."

"तुमचं ते 'दोन्ही' एक दिवस मला खाणार आहे," ती म्हणाली आणि सूप जोरात आपटून उठली.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. गिरणीवाला बाजेवर बसला. त्याच्या भुवयांवर पीठ होतं, ते कधीच जायचं नाही. त्याने दोन्ही वाटे मोठ्याने सांगितले. कडेला खालच्या वस्तीतली काही माणसं उभी होती, वाकड्याही होता. ती बोलत नव्हती. आज टाकीत पाणी पडणार की आटणार हे इथे ठरायचं होतं, आणि ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. ती नुसती उन्हात उभी होती.

थोरला खांबाला टेकून होता, अगदी निवांत. वहिनीने तर आतली मोठी भांडी एका पोत्यात बांधायलाही घेतली होती. ते पोतं गोठ्यात न्यायचं होतं, म्हणजे तिचंही ठरलेलं होतं.

"हं, धाकटे," गिरणीवाला म्हणाला. "उचला."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती दारात होती. त्याने तिला शब्द दिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो पाळणार. त्याने तोंड उघडलं.

"याला काय विचारता," थोरला हसून मध्येच म्हणाला. "तिने ठरवलंय. बायका शहाण्या असतात. घर बघितलं की साधू बैराग्यांनाही त्या उंबऱ्याच्या आत ओढतात."

दोघेचौघे हसले.

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. ज्या पायरीवर त्याचं ताट ठेवलं होतं, नेमक्या त्याच पायरीवर उभी राहिली.

"माझ्याकडे काय बघताय?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "तुमची पाठ काय मऊ गादीवर बरी झाली होती? आणि मला आत ओढायचंच असेल तर गोठ्यालाही दार लावता येतं. दगड बसवणारा नवरा आहे माझा. उचला तो उतार."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. मग गिरणीवाल्याकडे वळून म्हणाला, "उतार."

"नीट विचार करा," गिरणीवाला म्हणाला. "एकदा उचललं की—"

"उतार, झरा आणि गोठा," धाकटा म्हणाला.

थोरला खांबापासून सरळ झाला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, कुणी काढायला विसरल्यासारखं. काहीतरी चुकलंय हे त्याला कळत होतं, पण मोठी फोड समोर तशीच पडून राहिली आहे, हे त्याच्या डोळ्यांना पटत नव्हतं. वहिनीने आतून पोतं सोडायला सुरुवात केली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

गोठ्याला एका बाजूने भिंतच नव्हती. धाकट्याच्या बायकोने पहिल्या दिवशी आत उभं राहून चहूकडे पाहिलं आणि म्हणाली, "हवा चांगली आहे." मग दोघं हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

थोरल्याने आणवलेले दगड तिथे पडूनच होते. ते कुणाचे यावर गावात वाद होऊ शकला असता. धाकट्याने ते सगळे उतरवून कलमांच्या बांधावर, थोरल्याच्या हद्दीत, नीट रचून ठेवले. गोठ्याची भिंत त्याने उतारावरच्या दगडांनी घातली. वाकड्या आणि आणखी काहीजण मदतीला आले. आता त्याने नको म्हटलं नाही. वाकड्याला वाकड्या हाताने मोठा दगड उचलता येत नसे, पण कपची नेमकी कुठे बसेल हे त्याला लांबूनच दिसायचं. "टोपलीसारखंच आहे की हे," तो म्हणायचा. "फक्त जड."

पाट मोकळा वाहू लागला. टाकी पुरेना तशा बायका हंडे घेऊन थेट कुंडीपाशी येऊ लागल्या, आणि रांगेवरून भांडू लागल्या. पण उजाडताना कुंडीपाशी हा डोळे मिटून बसलेला असायचा. एका माणसासमोर, तोही गप्प, भांडायचं कसं, हे त्यांना कळेना. आवाज आपोआप उतरले. मग एक म्हातारी हंडा बाजूला ठेवून तिथेच टेकली. पाय दुखत होते म्हणून बसले, असं ती पुढेही सांगायची. पण दुसऱ्या दिवशीही तिचे पाय नेमके तिथेच दुखले. हळूहळू पाळी येईपर्यंत खाली बसून पाणी ऐकायची पद्धतच पडली. धाकट्याने कुणाला काही शिकवलं नाही. त्याला शिकवण्यासारखं काही येतही नव्हतं.

भिंत निघाल्यावर कलमांकडे पाणी वळायचं थांबलं होतं, ते मात्र त्याच्या मनातून जाईना. दुपारी हातातलं काम टाकून तो कुंडीपासून थोरल्याच्या हद्दीपर्यंत वेगळा पाट खणू लागला. जमीन खडकाळ, एकेक वीत पुढे सरकायची. बायको म्हणाली, "त्याने तुमच्या तोंडात मारली होती."

"ते संध्याकाळच्या पाण्यात धरलेलं नाही," तो म्हणाला.

पाट हद्दीला पोचला तेव्हा त्याने संध्याकाळचं पाणी तिकडे सोडलं. ते वाहत गेलं, पहिल्या कलमाच्या आळ्यात उतरलं आणि मातीने चर्रकन पिऊन टाकलं.

दुसऱ्या सकाळी पाटाच्या तोंडावर हद्दीच्या पलीकडून दगड टाकलेले होते. थोरल्याने स्वतःच्याच झाडांचं पाणी अडवलं होतं. दगड कसेही, रागाने फेकलेले. धाकटा तिथे गेला, हद्दीच्या या बाजूने वाकला आणि एकेक काढून बाजूला रचले. मोठे खाली, मधले वर. संध्याकाळी पाणी सोडलं. सकाळी पुन्हा दगड. पुन्हा काढले.

"आता तर जमीनही तुमची नाही आणि झाडंही," बायको म्हणाली. "कुणाशी भांडताय?"

"भांडत कुठे आहे? दगड काढतोय."

"आणि तो दमला नाही तर?"

"मीही नाही दमणार."

"एकाच बापाचे दोघं," ती म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

गावाला पुन्हा विषय मिळाला. गिरणीवर थोरल्याला कुणीतरी विचारलं, "झाडं कुणाची आहेत हो ती?" तो पीठही न घेता निघून आला. घरी तो कुणाशी बोलत नव्हता, असं वहिनी सांगायची. ती आता अधूनमधून हंडा घेऊन वर यायची, सगळ्यांच्या मागे उभी राहायची. धाकट्याच्या बायकोने पहिल्यांदा तिला पुढे बोलावलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "जाऊबाई, बसा. उभं राहून पाणी लवकर येत नाही."

ऊन चढत चाललं होतं. कलमांच्या वरच्या ओळीला नवी पानं फुटली होती. खालची ओळ, जिथे पाणी पोचण्याआधी पाट बंद व्हायचा, ती तशीच कोळपलेली होती.

एका सकाळी धाकटा बसून उठला, पहार खांद्यावर टाकली आणि नेहमीसारखा हद्दीकडे गेला. पाटाच्या तोंडावर दगड नव्हते. पाणी रात्रभर वाहत राहिलं होतं. खालच्या ओळीपर्यंत माती काळी झाली होती, आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटलेली होती, एका आळ्यापासून दुसऱ्या आळ्यापर्यंत.

दगड पाटाच्या बाजूला रचलेले होते.

धाकट्याने रास निरखून पाहिली. सगळ्यात मोठा दगड वर होता. खाली कपच्या. मधला एक गोल धोंडा कसाबसा तोललेला, पायाने जरा धक्का दिला असता तरी सगळं कोसळलं असतं. दादाला दगड रचता कधी आलेच नाहीत. लहानपणी तो फक्त फोडी कापायचा.

नीट लावायला त्याचे हात पुढे झाले. मग त्याने ते मागे घेतले. पहार टेकवली आणि त्या वेड्यावाकड्या राशीशेजारी, तिला कुठेही धक्का लागणार नाही असा बेताने, खाली बसला.